परदेशातून आलेल्या सहकाऱ्याला सामावून घेताना

टीमची जबाबदारी पहिल्यांदाच घेतोयस, म्हणून सांगते. परदेशातून कुणी रुजू झालं की त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐक आणि नीट उच्चारायला शीक. सोयीसाठी छोटं करू नकोस. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठव. परक्या भाषेत ऐकायचं, विचार करायचा आणि लगेच बोलायचं, यात माणसाची दमछाक होते. तो गप्प आहे म्हणजे त्याला मत नाही असं मुळीच समजू नकोस. पगाराची स्लिप, कर, विमा, रजा हे कुणीतरी शेजारी बसून समजवायला हवं, नुसती लिंक पाठवून भागत नाही. व्हिसा नोकरीशी बांधलेला असेल, तर तो तक्रार करायला कचरेल. तूच अधूनमधून बाजूला घेऊन विचारत जा. आणि हो, त्याच्या देशातल्या प्रत्येक बातमीवर त्याला बोलायला लावू नकोस.