बाईंच्या घरचा गृहपाठ

प्रश्न : ताई, मी आठवी-नववीला गणित शिकवते, तेही पूर्णपणे ऑनलाइन. सकाळी साडेआठपासून दीडपर्यंत एकामागून एक तासिका असतात. मुलगी दुसरीत, मुलगा पाचवीत आणि दोघांचंही शिक्षण सध्या घरूनच चाललंय. माझा तास सुरू झाला की मुलगी वही घेऊन दारात उभी. दीडला लॅपटॉप मिटून तिला घेऊन बसते, तर दहा मिनिटांत माझा आवाज चढतो. परवा ती म्हणाली, ‘‘तू शाळेतल्या मुलांशी किती गोड बोलतेस!’’ मुलाला विचारलं तर ‘झालं’ म्हणतो, वही मात्र कोरी. वर सासूबाईंचं ‘दिव्याखाली अंधार’ आहेच. दोन्हीकडे पुरी कशी पडू?
– एक गणित शिक्षिका

उत्तर : मुलीपासून सुरुवात करते, कारण ती बरोबर बोलली. वर्गात आपण गोड बोलतो ते काही आपण जन्मजात गोड म्हणून नाही. तिथे घंटा असते. तासभर धीर धरायचा हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून तो पुरतो. शिवाय नववीतल्या कुणाचं उत्तर चुकलं तर ते त्याचं चुकतं. लेकीचं चुकलं की आपलीच परीक्षा चाललीय असं वाटायला लागतं. ‘गणिताच्या बाईंच्या मुलीला वजाबाकी येत नाही’ हे सासूबाईंनी म्हणायच्या आत आपणच मनात म्हणून झालेलं असतं.

तेव्हा घरच्या अभ्यासालाही घंटा लावा. एका बैठकीला पंधरा मिनिटं. गजर वाजला की अर्ध्या गणितावर का असेना, उठायचं. आणि ही बैठक दीड वाजता मुळीच नको. चार-पाच तास पडद्यावरच्या चौकोनांशी बोलून आलेल्या बाईकडे त्या वेळी कुणालाही काही शिकवण्याची ताकद उरलेली नसते. जेवा, आडव्या व्हा, खिडकीबाहेर बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओवरच्या बोलण्यानं माणूस का दमतो याची कारणं मांडली होती. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं हे त्यातलं एक. तो स्वतःचा चौकोन फक्त आपल्यापुरता लपवता येतो. मुलांना तुम्ही दिसतच राहता. आजच लपवून टाका.

आता त्या पंधरा मिनिटांत करायचं काय? तुम्ही गणिताच्या आहात म्हणून गणितच घेते. समजा, मुलीनं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढलं. आपल्यातली बाई लगेच जागी होते आणि हातचा कसा घ्यायचा ते पहिल्यापासून सांगू लागते. थांबा. ‘‘कसं केलंस ते मला सांग,’’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ती सांगेल, ‘‘सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.’’ म्हणजे तिला वजाबाकी येते. फक्त मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मग दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा आणि सात काड्या मागा. दोनच सुट्या आहेत. ती तुमच्याकडे बघेल. तुम्ही काड्यांकडे बघा. बहुतेक मुलं थोड्या वेळानं स्वतःच एक जुडी सोडतात. बारातून सात गेले, पाच उरले. चार जुड्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस. तिनं जुडी सोडली नाही, तर बोटानं नुसती दाखवा. तेवढीच मदत. त्याहून जास्त दिलीत तर पुढच्या गणितालाही ती तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल.

हे काही माझ्या पदरचं नाही. वूड, ब्रूनर आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे जुळवून पिरॅमिड रचायला शिकवताना नेमकं हेच टिपलं होतं : शिकवणाऱ्यानं मुलाला जमत नाही तेवढंच आपल्याकडे घ्यायचं आणि जमू लागलं की हात काढून घ्यायचा. आपण अध्यापनाच्या परीक्षेत यावर पानभर उत्तर लिहितो आणि घरी आल्यावर लेकीच्या हातातली पेन्सिल काढून घेतो.

ते एक गणित झालं की बास. उरलेली नऊ चुकली तर चुकू देत. वही तशीच तिच्या बाईंकडे जाऊ द्या. तुम्ही स्वतः वह्या तपासता, तुम्हाला वेगळं सांगायला नको : घरी दुरुस्त करून आलेल्या शंभर टक्के बरोबर वहीतून शिक्षकाला काहीही कळत नाही. मूल कुठे अडलंय ते चुकांतूनच दिसतं, आणि त्याच आपण मायेपोटी खोडून पाठवतो.

दारात उभं राहण्याबद्दल. तिला गणित अडलंय म्हणून ती येते असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, आई कधी मोकळी होणार हेच तिला ठाऊक नसतं. ‘‘थोड्या वेळानं’’ या शब्दाला दुसरीतल्या मुलीच्या लेखी काही अर्थ नाही. कागदावर घड्याळ काढून दोन तासिकांमधल्या सुट्टीच्या वेळेचे काटे त्यात दाखवा, आणि तो कागद दाराला बाहेरून चिकटवा. खऱ्या घड्याळाचे काटे तसे झाले की दार वाजवायचं. मात्र त्या सुट्टीत आधी तिच्याकडे बघायचं, फोनकडे नंतर. एकदा जरी ‘‘एक मिनिट हं, मुख्याध्यापकांचा मेसेज आहे’’ म्हणालात, तर कागदावरच्या घड्याळावर तिचा विश्वास राहणार नाही.

कामाची वाटणी तुमच्या वेळापत्रकावर करा. जे नवीन आहे, कळायला अवघड आहे, ते तुमचा तास चालू असताना तिच्या पुढ्यात कधीच ठेवू नका. त्या वेळेत उजळणी : पाढे लिहिणं, शुद्धलेखन, धडा मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करणं. अडलं तर त्या जागी पेन्सिलीनं फुली मारून पुढे जायचं. फुल्या तुमच्या पंधरा मिनिटांत सोडवायच्या.

तुमच्या स्वतःच्या तासिकेतही थोडी जागा करता येईल. शेवटची सात-आठ मिनिटं मुलांना पुस्तक मिटायला सांगा आणि आज काय शिकलो ते आठवून लिहायला लावा. हा पळपुटेपणा वाटायचं कारण नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे : मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. मुलांचा अभ्यास पक्का होतो, तुमच्या घशाला विसावा मिळतो आणि दाराकडे बघून एकदा हसता येतं. तेवढंच हं! त्या वेळात लेकीची वही उघडलीत तर ना हे होईल, ना ते.

मुलाचं सोपं आहे. ‘‘झालं का?’’ या प्रश्नाचं उत्तर जगभरात ‘‘झालं’’ हेच आहे. ‘‘आज सगळ्यात कंटाळवाणं काय होतं, दाखव,’’ असं विचारा. दाखवायला वही उघडावी लागते. माझा धाकटा समोर बसवलं की मुका व्हायचा, पण मी कपड्यांच्या घड्या घालत असले की इतिहासाच्या सनावळ्या घडाघडा म्हणून दाखवायचा. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसणं म्हणजे उलटतपासणी वाटते. आणि त्याच्या वर्गशिक्षकांना सरळ लिहा : ‘‘हा दीड तासाच्या वर बसत नाही. आठवड्यातली कुठली दोन कामं झालीच पाहिजेत?’’ कुणी पालक असं विचारतो तेव्हा आपल्याला बरंच वाटतं की नाही? पण शिक्षक असलेल्या आईला दुसऱ्या शिक्षकाला हे विचारायची लाज वाटते, का ते देव जाणे.

राहिल्या सासूबाई. त्यांना रोज संध्याकाळी नातीचा धडा ऐकायचं काम द्या. शिकवायचं नाही, नुसतं ऐकायचं. दिव्याखाली अंधार दिसतोय ना, मग हातात एक पणती त्यांनीही घ्यावी.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. पत्नीची नोकरी बाहेर, त्यामुळे चार वर्षांची मुलगी सकाळभर माझ्याकडे असते. ती कॅमेऱ्यासमोर येऊन नाचते. मुख्याध्यापक नाराज आहेत. टॅबलेट दिला तर गप्प बसते, पण मनाला पटत नाही.
– एक बाबा

उत्तर : सर, २०१७ मध्ये प्राध्यापक रॉबर्ट केली बीबीसीला घरून मुलाखत देत असताना आधी मुलगी झोकात आत आली आणि पाठोपाठ वॉकरमधलं बाळ. जग हसलं, आणि प्राध्यापकांचं काही बिघडलं नाही. मुख्याध्यापकांना मुलीपेक्षा वर्गाचं लक्ष उडण्याची काळजी असावी. तेव्हा पहिल्याच दिवशी तिची वर्गाशी ओळख करून द्या. कुतूहल एकदाचं फिटतं. माइक एरवी बंदच ठेवा. झूमवर असाल तर संगणकावर स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता तो चालू होतो.

टॅबलेटबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय, पण अगदीच बंदी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या वयाला बसून पडदा बघण्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय. तो तास सकाळी आठलाच उधळू नका. ज्या तासिकेत प्रयोग दाखवायचा असतो किंवा तोंडी परीक्षा असते, तिच्यासाठी राखून ठेवा. बाकीच्या वेळी तिला तुमच्या टेबलाखाली ‘शाळा’ मांडू द्या. चार वर्षांच्या मुलांना बाबांचे पाय दिसत असले की पुष्कळ होतं.

प्रश्न : आमच्याकडे एकच लॅपटॉप. माझे तास आणि सहावीतल्या मुलाचे तास एकाच वेळी. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : लॅपटॉप तुमचा, कारण शिकवणाऱ्याला लिहून दाखवावं लागतं. मुलानं फोनवरून ऐकावं आणि वहीत लिहावं. सहावीत ऐकून लिहिण्याची सवय लागली तर बरंच आहे. ज्या विषयात बघितल्याशिवाय भागत नाही, उदाहरणार्थ भूमिती, त्याच्या तासाचं रेकॉर्डिंग शिक्षकांकडून मागून घ्या आणि ते संध्याकाळी लॅपटॉपवर बघू द्या. दोघांची खाती मात्र वेगळी ठेवा. नाहीतर एखाद्या सकाळी तुमच्या वर्गात तुमच्या मुलाच्या नावानं शिराल, आणि हजेरी घ्यायला बाई कुठे आहेत म्हणून तुमचीच मुलं तुम्हाला विचारतील.