सॅचेल पेजचे ‘पदार्पण’ कधीचे?

सॅचेल पेज हा अमेरिकेतला काळा बेसबॉलपटू, पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. प्रश्न असा आहे: ‘सॅचेल पेजने १९४८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी बेसबॉलमध्ये पदार्पण केले’ हे वाक्य बरोबर आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने ठीक, पण छापण्याजोगे नाही. पदार्पण म्हटले की ‘कशात?’ हा प्रश्न येतोच. म्हणून तर क्रीडापानावर रणजी पदार्पण वेगळे आणि कसोटी पदार्पण वेगळे असते. पेज व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरला १९२६ साली, चॅटनूगाच्या संघाकडून. मग बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, कॅन्सस सिटी मोनार्क्स. १९४२ साली जॉश गिब्सनसारखा दणकेबाज फलंदाज असलेल्या होमस्टेड ग्रेजला हरवून मोनार्क्सनी निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यात पेजच्या पिचिंगचा वाटा मोठा होता. हे सगळे निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांमध्ये, कारण गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये, काळ्या खेळाडूंना १९४७पर्यंत मज्जावच होता.

क्लीव्हलँड इंडियन्सने त्याला करारबद्ध केले ते ७ जुलै १९४८ला, त्याच्या वाढदिवशीच. दोन दिवसांनी सेंट लुई ब्राउन्सविरुद्ध पाचव्या इनिंगला चेंडू त्याच्या हाती आला. पहिल्याच फलंदाजाने फटका मारून पहिला बेस गाठला; तरी दोन इनिंगमध्ये पेजने एकही धाव दिली नाही. त्या मोसमात त्याच्या नावावर ६ विजय आणि १ पराभव लागला. अशा माणसाला ‘नवोदित’ म्हणणे मला तरी सहन होत नाही. नुसते ‘पदार्पण’ लिहिले की आधीची बावीस वर्षे पुसली जातात, आणि जणू तोच उशिरा आला असे वाटते. त्याला बाहेर कोणी ठेवले, हे वाक्यातून गळून पडते.

‘मेजर लीगमध्ये पदार्पण’ असा बदल केला तरी आता भागत नाही. डिसेंबर २०२०मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. त्या हिशेबाने पेजचे मेजर लीग पदार्पण १९२७चे, बर्मिंगहॅमकडून.

तेव्हा ‘अमेरिकन लीगमध्ये पदार्पण’ लिहावे; क्लीव्हलँडचा संघ मेजर लीगच्या याच शाखेत खेळतो. भर वयावर द्यायचा असेल, तर ‘४२व्या वर्षी अमेरिकन लीगची दारे त्याला उघडली’ हे अधिक खरे. १९६५ साली, ५९व्या वर्षी, तो कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सकडून तीन इनिंग खेळला, त्याला मात्र ‘पुनरागमन’ खुशाल म्हणा.