साडेतीन लाखांवर सही करू का?

प्रश्न: यावल तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय 38, महिन्याला साधारण 18 हजार सुटतात. चार महिन्यांपूर्वी फैजपूर रस्त्यावर केळीच्या पिकअपने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली, आता हात पूर्ण वळत नाही. दवाखान्याला 1 लाख 80 हजार लागले. त्यातले 60 हजार शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घेतलेत. स्कूटर इलेक्ट्रिक, कमी वेगाची. पासिंग नाही, विमा नाही. हेल्मेटही नव्हतं. एक मध्यस्थ म्हणतो, 'गाडीला नंबरच नाही, कोर्टात काही हाती लागणार नाही. साडेतीन लाख मिळवून देतो, लोकअदालतीत सही करून मोकळे व्हा.' घेऊ का?

उत्तर: भाऊ, आत्ता सही करू नका. हा आकडा कोणी तुमचं मनगट पाहून काढलेला दिसत नाही. तुमच्या डोक्यावर व्याज चढतंय, एवढं मात्र त्या मध्यस्थाला नक्की ठाऊक असावं.

आधी नंबर प्लेटचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच घातली आहे. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर त्या गाडीला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. आणि तुमचा दावा तुमच्या विम्यावर नाहीच, तो पिकअपच्या थर्ड पार्टी विम्यावर आहे. तुम्ही सायकलवर असता किंवा पायी चालत असता तरी हाच दावा केला असता. विक्रेत्याने वेग वाढवून दिला असेल (असं सर्रास चालतं, मला माहीत आहे) तर समोरचा वकील तो मुद्दा काढेल. पण धडक मागून बसली आहे. नोंदणी नसणं हा वेगळा गुन्हा झाला, त्याने अपघात झाला असं होत नाही. हेल्मेटचंही तसंच. डोक्याला मार असता तर रक्कम कापायला त्यांना जागा होती. मनगटाचं हाड हेल्मेटने वाचलं नसतं.

आता हिशेब. अपघात न्यायाधिकरण नुकसान कसं मोजतं, हे सर्वोच्च न्यायालयाने बऱ्यापैकी ठरवून दिलंय. वर्षाची कमाई धरायची. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी तिच्यात 40 टक्के मिळवायचे. मग कमवायची ताकद जितके टक्के गेली तितका हिस्सा काढून त्याला वयाप्रमाणे गुणायचं. 36 ते 40 वयाला गुणक 15 आहे.

तुमच्याकडे कमाईचा पक्का पुरावा नाही, म्हणून कोर्टाने महिना 12 हजारच धरले आणि ताकद फक्त 12 टक्के गेली असं मानलं, असा वाईटातला वाईट अंदाज घेऊ. तरी 3 लाख 63 हजारांच्या आसपास येतात. त्यात दवाखान्याचे 1 लाख 80 हजार आणि घरी बसलेल्या चार महिन्यांचे 48 हजार मिळवा. 5 लाख 90 हजार झाले. वेदनेपोटीचे आणि पुढे प्लेट काढायचा खर्च, हे वेगळेच. 18 हजार कमाई सिद्ध झाली आणि ताकद 20 टक्के गेल्याचं मान्य झालं, तर याच पद्धतीने आकडा साडेअकरा लाखांच्या पुढे जातो.

टक्केवारीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खरा पैसा तिथेच आहे. डॉक्टर दाखल्यावर लिहितात ती टक्केवारी शरीराची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या अपंगत्वाने त्या माणसाच्या त्याच कामावर किती परिणाम झाला, ते बघायचं. शिक्षकाचं मनगट थोडं आखडलं तरी वर्ग चालतो. तुम्हाला तांब्याची तार ताणून धरत स्टेटरच्या खाचांत कॉइल बसवायची असते. म्हणून उपचार स्थिरावल्यावर सरकारी रुग्णालयातून दाखला घ्या, आणि या कामात हात कसा फिरवावा लागतो ते डॉक्टरांनी साक्षीत सांगावं असं वकिलाला आत्ताच बजावून ठेवा. कमाईसाठी तारेच्या खरेदीची बिलं, पावती पुस्तकं, फोनवर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट, जे सापडेल ते गोळा करा. पंप जळाले की तुमच्याकडे येणारे दोन-तीन शेतकरी साक्ष द्यायला तयार झाले तर फारच चांगलं.

'पण निकाल कधी लागणार?' हे तुम्ही विचारणारच. दोन वर्षं की पाच, सांगता येत नाही. मात्र अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, बहुधा 6 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे थांबल्याने रक्कम बँकेच्या ठेवीत असल्यासारखी वाढते. तुमचे हातउसने मात्र वर्षाला 36 टक्क्यांनी वाढताहेत, महिन्याला 1,800 रुपये नुसतं व्याज. घाई करायचीच तर ती या कर्जाची करा. घरात पोत किंवा बांगड्या असतील तर बँकेत सोनेतारण करून हे 60 हजार याच आठवड्यात फेडा. व्याज तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येईल. वहिनींना हे रुचणार नाही, पण 60 हजारांच्या ओझ्यापायी अडीच-तीन लाखांवर पाणी सोडणं त्यांनाही परवडणार नाही.

मुदत सहा महिन्यांची आहे, तुमचे चार गेले. पोलिसांचे कागद न्यायाधिकरणाकडे आपोआप जातात या भरवशावर राहू नका, स्वतःचा अर्ज दाखल करा. अपघात कुठेही झाला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावलाही अर्ज चालतो. वकील रकमेत पंचवीस टक्के वाटा मागेल. बार कौन्सिलचे नियम अशा वाट्याला परवानगी देत नाहीत. ठरावीक फी बोला आणि लिहून घ्या.

मात्र अर्जाआधी एक गोष्ट नक्की तपासा: अपघाताच्या दिवशी पिकअपचा विमा चालू होता का? चालकाचं लायसन्स खोटं निघालं तरी बहुतेक वेळा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतात, मग ती मालकाकडून वसूल करते. विमाच संपलेला असेल तर मात्र सगळं मालकाच्या खिशावर येतं. मग साडेतीन लाख रोख देणारा मालक सोडू नका, माझा सल्ला उलटा समजा.

विमा चालू असेल तर अर्ज दाखल झाल्यावर तडजोडीला बसायला हरकत नाही. कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याशी थेट बोला, मध्यस्थ मध्ये नको. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून मनातला आकडा घरूनच ठरवून जा. तुमच्या जागी मी सात लाखांना सही केली असती, सहाच्या खाली उठून आलो असतो. पैसे आल्यावर आधी सोनं सोडवा, उरलेले बँकेत ठेवा. पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देईल, पण तिथल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नाही, आणि पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी जळगाव जिल्ह्यात कमी घरांनी पाहिलेल्या नाहीत.