नळ, लव्हाळे आणि नळकांडे

पाणथळ जागी माजणाऱ्या, पोकळ दांड्यांच्या उंच रानवनस्पतीला ‘नळ’ म्हणावे की ‘लव्हाळे’, आणि पाण्याच्या नळावरून तिला हे नाव पडले काय, अशी एका वाचकाची पृच्छा आहे.

लव्हाळे तर मुळीच म्हणू नये. ‘महापुरे झाडे जाती’ एवढेच पाठ असलेली मंडळी काठावरच्या प्रत्येक हिरव्या पात्याला लव्हाळे म्हणत सुटतात. लव्हाळे मोथ्याच्या कुळातले. त्याची दांडी बोटांत फिरवली तर तीन कडा हाताला लागतात, आत ती भरीव असते आणि गाठ सापडत नाही. नळ हे गवत आहे: दांडी गोल, पेरापेराला गाठ, दोन गाठींमधले कांडे पोकळ. पाणकणीस तिसऱ्याच कुळातले, आणि वेत तर ताडामाडांचा भाऊबंद. नळ म्हणवणाऱ्या गवतांत मुख्य दोन: फ्राग्मायटिस कर्का आणि लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली नाव दिलेले अरुंडो डोनॅक्स. दोघांचे तुरे दुरून सारखेच दिसतात, परंतु भिंगाखाली पाहिले तर अरुंडोचे रेशमी केस तुसाच्या पाठीवर असतात आणि फ्राग्मायटिसचे, तुसे ज्या बारीक अक्षावर बसतात त्या अक्षावर.

आता शब्दाकडे वळू. वेदांत हे गवत ‘नड’ आहे. गुडाचा गूळ आणि षोडशाचे सोळा झाले, तसाच नडाचा नळ झाला. ‘नाडी’ही त्याच घरची. म्हणजे वनस्पती आधी आणि पाण्याची नळी मागाहून. नळाचा पहिला अर्थ ‘पाणी वाहून नेणारी नळी’ असा देऊन वनस्पतीला शेवटी कोपऱ्यात बसवणारे कोशकार उलटी गंगा वाहवतात. माझा पुरावा ‘नळकांडे’ हा आहे. यातले कांडे म्हणजे नुसता ‘तुकडा’, असे काही विद्वान सांगतात; त्यांनी उसाचे टिपरे एकदा हातात धरून पाहावे. दोन गाठींमधला भाग तो कांडे, आणि ओतीव लोखंडाला गाठी कुठून येणार? हा समास गवतावरच घडला, धातूने तो उसना घेतला.

याच काण्डावरून रामायणाची कांडे झाली, आणि पेराला संस्कृतात ‘पर्वन्’ म्हणतात, त्यावरून महाभारताची पर्वे. एक महाकाव्य गाठींमधल्या जागेने मोजले, दुसरे गाठींनी. आपल्या दोन्ही महाकाव्यांची मोजणी अशी बोरूच्या, म्हणजे लेखणीच्या नळाच्या, काडीवर झालेली आहे, असे मला तरी निःसंशय वाटते. बोरूच्या दुसऱ्या नावाची, कलमाची, गंमत निराळीच: ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे नळगवत, त्याचे अरबीत ‘कलम’ झाले आणि तेथून ते आपल्याकडे आले, वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र ‘कॅलामस’ हे नाव भरीव दांड्याच्या वेताला देऊन टाकले.