'अवमूल्यन' रोज होत नाही हो!

प्रश्न असा आलाय की 'रुपयाचं अवमूल्यन' आणि 'रुपयाची घसरण' एकच का, कुठलाही शब्द वापरला तर चालतं का. नाही चालत! डॉलर दहा पैशांनी वर गेला की टीव्हीवर लगेच 'रुपयाचं अवमूल्यन' सुरू, डोकं उठतं. अवमूल्यन सरकार करतं, घसरण आपोआप होते. ६ जून १९६६ ला डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० केला, आधीचं युद्ध, दुष्काळ, आटलेली परदेशी मदत असं सगळं गळ्याशी आलं होतं म्हणून, ते अवमूल्यन. आखाती युद्धात तेल भडकलं, परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि जुलै १९९१ च्या १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला, तेही अवमूल्यन. १९९३ पासून दर बाजारात ठरतो, रिझर्व्ह बँक मधेमधे डॉलर विकते-घेते, म्हणजे आता होते ती घसरण. तेलाचं बिल दोन्हीत फुगतं ती गोष्ट वेगळी.

पण मला विचाराल तर ह्या सगळ्यात खरा रसाळ शब्द 'बट्टा'! पेशवाईत चांदवडी, अंकुशी अशी कितीतरी नाणी चालायची, सराफ एक नाणं पारखून घेऊन दुसरं देताना जे कापायचा तो बट्टा. मराठवाड्यात तर निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार (कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार) शेजारी शेजारी, ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे, हद्दीपलीकडे माल विकणाऱ्याला हा हिशोब तोंडपाठच हवा.

आता 'नावाला बट्टा लागणे'. कोशवाले 'कलंक, डाग' लिहून मोकळे होतात, तिथेच माझं भांडण आहे. डाग धुता येतो हो, बट्टा लागलेलं नाणं चालतं पण पूर्ण किमतीला कोणी घेत नाही, आणि बदनाम माणसाचं अगदी तेच होतं! 'बट्ट्याबोळ' पण माझ्या मते सराफकट्ट्यावरूनच आलाय, त्यातल्या 'बोळ' वरून ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं. फक्त कट्टी-बट्टीतली बट्टी मधे आणू नका, ते मला अजिबात पटत नाही.