तिथी बघ, वार नको

अरे,

तुझा लांबलचक मेसेज रात्री दोनदा वाचला. खांदेरी बेटावरून येताना अलिबागजवळच्या थळच्या खडकांवर होडी बसली, सुकाणू मोडलं, रात्री अडीच तास तिघं कुडकुडत बसलात आणि शेवटी मासेमारीची बोट ओढून घेऊन आली. आणि आता विचारतोस, ‘काका, आउटबोर्ड मोटर लावू, की होडी विकून टाकू?’

दोन्ही नको. मोटर लावलीस तर मोटर घेऊन खडकावर बसशील.

तू निघालास कधी? रविवारी. का? सुट्टी होती म्हणून. बरं, कोजागिरीचा रविवार. चंद्र बघायला गेलात आणि चंद्र पाण्याचं काय करतो ते विसरलात! आपल्या किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही येतं ते गणित: तिथीचे पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या सुमाराला भरती. मग सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची; पाणी खूप आत जातं, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. सकाळी साडेसहाला होडी गुडघाभर चिखलातून ओढत नेलीत असं तूच लिहिलंयस. तेव्हाच थांबून विचार करायचा होतास. सकाळी सातला जिथे चिखल, तिथे संध्याकाळी सातला चिखलच असणार.

तिथी बघ, वार नको. इतकंच आहे. बाकीचं सगळं, शिडाच्या दोऱ्या, गाठी, महागडं जॅकेट, नंतर.

अष्टमी घे. आठाचे पाऊणपट सहा. पहाटे भरलेल्या पाण्यावर होडी हाताने ढकलली तरी तरंगते. मतलई वारा अजून जमिनीकडून वाहत असतो, त्यावर शीड नुसतं सोडायचं. पाणीही तुझ्याबरोबर बाहेर निघालेलं. वाटेतलं उंदेरी बेट मागे पडतं, खांदेरीच्या दोन टेकड्या वेगळ्या दिसायला लागतात, १८६७ चं दीपगृह. बेटावर वेताळाला नारळ द्यायचा, तो भांड्यासारखा वाजणारा दगड वाजवायचा (मी अजून वाजवतो, लाज वाटत नाही), डबा खायचा आणि गप्प पडून राहायचं. बारा-साडेबाराला ओहोटी संपते. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो, पाणी किनाऱ्याकडे वळतं, आणि दोघं मिळून तुला घरी आणून सोडतात. त्यात अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. यात तुझं कौशल्य किती? फार नाही.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीची माणसं खांदेरीवर तट बांधत होती, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं बेटाला वेढा देऊन उभी होती. तरी आपल्या उथळ बुडाच्या होड्या रात्री सामान पोचवत राहिल्या. जहाजांना वारा लागायचा, खोल पाणी लागायचं. होड्यांना वल्हं पुरायचं आणि पाणी कुठे किती ते माहीत होतं. ती माणसं काही सुट्टी बघून निघत नव्हती.

आता माझं ऐक. पंचविशीत एका नाखव्याची होडी मागून नेली होती. परतायला उशीर झाला, पाणी उतरलेलं. तो म्हणाला होता, पाणी चढेपर्यंत बेटावरच थांब. पण सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं! निघालो, आणि तळाची फळी फोडून आणली. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर वाळूवर उकिडवा बसून फटींत कापूस ठोकत होता. मी समोर बसलो. हातोडी मागितली, दिली नाही. होडीही पुन्हा कधी दिली नाही. आणि त्या सोमवारी ऑफिसात काय झालं, ते मला आज आठवतही नाही.

तेव्हापासून हट्ट धरलाय. भाचीच्या लग्नाच्या वेळी पाण्यासाठी बेटावर अडकून राहिलो, अक्षता चुकल्या. बहीण अजून बोलून दाखवते. मी तिला म्हणतो, तुम्ही गोरज मुहूर्त मिनिटावर पाळता, मग माझ्या मुहूर्ताला का हसता? तिला पटत नाही. बायकोलाही नाही. खरं सांगायचं तर लग्न आदल्या महिन्यापासून ठाऊक होतं, त्या दिवशी जायचंच नव्हतं. पण एकदा गेल्यावर थांबलो ते बरोबरच केलं, यावरून मी हटणार नाही.

मित्र हसले म्हणून होडी विकायची? त्यांच्यातल्या एकाने तरी पंचांग उघडलं होतं का?

कालनिर्णय काढ. कार्तिक शुद्ध अष्टमी शोध. वार कुठला येतो ते माझ्याकडे रडत सांगू नकोस, रजा टाक. मोडलेलं सुकाणू आधी इकडे पाठव, सागाचं नवं पातं बसवून ठेवतो. पहाटे साडेपाचला थळला ये. नारळ मी आणतो, डबा तू आण, आणि तिघांचा आण. त्या नाखव्याचा मुलगा येतो म्हणालाय.

— काका