पावसाचा खंड, सोयाबीन आणि दुकानदाराची बाटली

प्रश्न: पेरणीनंतर पंधरा-वीस दिवस पाऊस दडी मारतो, मग एका रात्रीत शेत तुंबते. रुंद वरंबा-सरीची (बीबीएफ) पेरणी चांगली म्हणतात, तरी आमच्याकडे कोणी करत का नाही? खंडात टॉनिक मारावे का? (मराठवाड्यातील काही सोयाबीन उत्पादक)

उत्तर: टॉनिक मारू नका. मुळाशी ओल नसताना पानावर बाटली रिकामी करून शेंगा भरत नाहीत.

आता बीबीएफचे, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरायचे आणि दोन वरंब्यांमध्ये पाण्यासाठी सरी ठेवायची. पाऊस बदललाय हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गाडी अडते ती यंत्रापाशी. वाफसा (पेरणीजोगी ओल) टिकतो दोन-तीन दिवस, तेवढ्यात सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. नेहमीच्या पेरणी यंत्राने दिवसात जास्त एकर निघतात, मग चालक बीबीएफ जोडेल कशाला? बऱ्याचदा नकार शेतकऱ्याचा नसतो, ट्रॅक्टरवाल्याचा असतो. त्यात रिकाम्या सऱ्या बघून घरातले म्हणतात, तास (पेरणीच्या ओळी) वाया घालवले. बटईचे रान असेल तर विषयच संपला.

सभेत माना डोलावणारे पुष्कळ. बदलले ते बांधापलीकडचे रान बघून. मोठ्या पावसानंतर शेजाऱ्याच्या सरीतून पाणी निघून गेलेले आणि आपले पीक पिवळे पडलेले, हे एकदा दिसले की पुढच्या जूनमध्ये तो माणूस स्वतः विचारत येतो.

पण ज्या दुकानातून बियाणे-खत उधारीवर घेतले, सल्लाही तिथलाच ऐकावा लागतो. सरी काढा असे दुकानदार कशाला सांगेल? सरी बाटलीत मिळत नाही.

यंत्र नसेल तर अडून बसू नका. चार तास पेरा, पाचवे रिकामे सोडा. पीक महिन्याचे व्हायच्या आत, कोळपणीच्या वेळी डवऱ्याच्या (बैलाच्या कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पाते धरणाऱ्या दांड्याला, दोरी गच्च गुंडाळा आणि त्या रिकाम्या तासातून चालवा. माती दोन्हीकडे सरकते, सरी पडते. खंडात ओल धरते, अतिपावसात पाणी काढते. बीबीएफला बियाणेही एकरी ३० किलोऐवजी २२ ते २४ किलो पुरते. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा, ७० उगवले पाहिजेत. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेजाऱ्याने पेरले म्हणून तर मुळीच नको.

फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना खंड पडला तर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट, विद्राव्य खत) लिटरला १० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. दहा म्हणजे दहा. दुकानदार म्हणेल दुप्पट घ्या, सोबत कीटकनाशक, टॉनिक, जमलेच तर तणनाशकही ढकला. ऐकू नका. कोरड्या रानात तणनाशकाने तण नीट मरत नाही, ताणातल्या पिकाला मात्र चटका बसतो. खंड संपताच युरिया फेकायचा सल्लाही त्याच दुकानातला. तोही ऐकू नका, पाला माजतो आणि कीड वाढते.

अनुदान: महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांचे संकेतस्थळ) अर्ज करा, पूर्वसंमतीनंतरच यंत्र घ्या. पोकराच्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) गावांत शेतीशाळा चुकवू नका.

पहिल्या वर्षी एकच एकर करा, रस्त्यालगतचा. मे महिन्यातच चार-पाच जणांनी मिळून वीसेक एकर गोळा करा आणि बीबीएफवाल्याला इसार देऊन टाका. एकट्याच्या एका एकरासाठी तो यायचा नाही.